पालथा ग्लास

"दादा, आणखी थोडी घे. मॅडम आपल्याच आहेत, लाजू नको."

असं म्हणत अजिनाथ खटकेनं कोपऱ्यातल्या माणसाच्या ग्लासात बाटली वाकडी केली. ग्लास अजून अर्धा भरलेला होता. बारा वाजायचे होते, बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं आणि मी त्या परमिट रूमच्या मधोमध उभी राहून टेप गुंडाळत होते. देवळापासून दारापर्यंतचं अंतर आत्ताच मोजून झालं होतं. ते नियमात बसत होतं. तिथलं सगळंच नियमात बसत होतं.

मी तेव्हा राज्य उत्पादन शुल्क खात्यात दुय्यम निरीक्षक होते. सोप्या भाषेत सांगायचं तर दारूचं खातं. बाईमाणूस आणि दारूच्या खात्यात, म्हणून माझी आई मरेपर्यंत शेजारणींना "आमची विमल सेल्सटॅक्समध्ये आहे" असंच सांगत राहिली. त्या दिवशीचं काम साधं होतं. भानुदास अण्णा खटके वारले होते. त्यांचा परवाना धाकट्या मुलाच्या नावावर करायचा अर्ज आला होता. हा माणूस दारूचं दुकान चालवायला योग्य आहे की नाही, एवढं बघून अहवाल लिहायचा.

माझ्याबरोबर मुळीक होते. आमच्या खात्यात शिपायाला जवान म्हणतात, पोट कितीही सुटलेलं असो. मुळीक त्याच भागातले, अण्णांना ओळखणारे. टेपचं दुसरं टोक धरून उन्हात उभ्याउभ्या त्यांनी मला अण्णापुराण ऐकवलं होतं.

"अण्णाचं दुकान म्हंजे काय व्हतं मॅडम! कुणाला किती झाली ते त्याला गल्ल्यावरनं कळायचं. उठून यायचा, तोंडातनं शबुद काढायचा न्हाई. टेबलावरचा ग्लास उचलायचा आन् पालथा घालून ठिवायचा. झालं. मग समोर हमाल असू द्या न्हाईतर सभापती."

"आणि कोणी भांडलं तर?"

"कोन भांडतंय! गावात तशी बोलायची रीतच पडली. आज माझा पालथा पडला म्हनायची मानसं. बायका नवऱ्याला दम भरायच्या, अण्णाला सांगून पालथा घालायला लावते का न्हाई बघा म्हनून."

"म्हणजे दारूवाला आणि बायकांचा लाडका. नवलच म्हणायचं," मी म्हटलं आणि हसून सोडून दिलं.

अजिनाथनं मला खुर्ची पुसून दिली. पंखा माझ्याकडे वळवला. स्वच्छ इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, बोलणं कसं, लोणी. पस्तिशीचा असेल. माझ्यापुढे लिंबू सरबत आलं. मी ते बाजूला सारलं. ज्याची चौकशी करायची त्याच्याकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा माझा नेम. त्याला जराही राग आला नाही.

"तुम्ही पिता का?"

"थेंब नाही मॅडम. पान नाही, तंबाखू नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा."

"कधी मारामारी, पोलिस केस?"

"पोलिसांचा दाखला जोडलाय. आवाज चढवून बोललो असेन तर गावात कुणालाही विचारा."

खरंच होतं ते. मी चार ठिकाणी विचारून आले होते. जो तो म्हणायचा, अजिनाथ म्हणजे देवमाणूस, कुणाला नाही म्हणायचा नाही. बाटल्यांचा साठा बरोबर, गिऱ्हाईकाला पिण्यासाठी द्यायच्या एका दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं ठेवलेली, संडाससुद्धा धुतलेला. बोट ठेवायला जागा नव्हती, आणि मला तर बोट ठेवायची हौस भारी. खात्यात मला पाठीमागे "विंचू मॅडम" म्हणत, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात तो "एक मिनिट हं" म्हणत उठला, कोपऱ्यात गेला, त्या माणसाच्या ग्लासात पुन्हा ओतून आला. ग्लास रिकामा होऊच देत नव्हता. एखादी आई पोराच्या ताटात भात वाढते ना, पोर नको नको म्हणत असताना, तसं चाललं होतं.

"सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "एकच अडलंय. वारस दोघं आहात. मोठ्या भावाची संमती जोडलेली नाही."

"देईल की. तब्येत बरी नसते त्याची."

"राहतो कुठे?"

अजिनाथ गोड हसला. "हा काय. मघापासून तुमच्या समोरच बसलाय."

मी वळून बघितलं. खरं सांगते, तोवर मी त्या माणसाकडे गिऱ्हाईक म्हणूनच बघत होते. आता नीट बघितलं. डोळे हळदीत बुचकळून काढल्यासारखे पिवळे. हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र नऊ महिन्यांच्या बाईसारखं. दाढी वाढलेली. तो ग्लासाकडे बघत होता, पण पीत नव्हता. मग एकदम डोळे मिटायचा आणि औषध घेतल्यासारखा घोट घ्यायचा.

"याला कावीळ झालीय," मी म्हटलं.

"आधीपण झाली होती. बार्शीला डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, परत हात लावला तर दिवाळी बघायचा नाही."

"आणि तुम्ही ओतताय?"

"भाऊ आहे मॅडम. मी काही लपवत नाही. तुमच्या समोर ओततोय. सज्ञान माणूस आहे, मागतो. मागितल्यावर नाही म्हणणारा मी कोण?"

"मागितलेलं मला तरी ऐकू आलं नाही."

"तोंडानं मागावं लागतं का आपल्या माणसाला?" तो म्हणाला. मग टेबलावरचं फडकं चौकोनी घडी करून ठेवत, अगदी सहज, बाजारभाव विचारावा तसं त्यानं विचारलं, "एक शंका होती मॅडम. दादाचं लग्न झालेलं नाही. आई तर आधीच गेली. समजा, उद्या माणूसच राहिला नाही, तर मग सही कोणाची लागते?"

सरबत समोर होतं आणि माझा हात तिकडे जाणार होता. तो मी मागे घेतला.

"मग कोणाचीच लागत नाही," मी म्हटलं. नियम तसाच होता.

"हां. वकीलसुद्धा तेच म्हणत होते."

मुळीक दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढून पुन्हा घातली. मी उठून कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसले. वारसांच्या यादीत त्याचं नाव वाचलेलं होतं. माणसाला नावानं हाक मारली की थोडी शुद्ध येते, असा माझा अनुभव आहे.

"मच्छिंद्र, मी सरकारी खात्यातनं आलेय. माझ्याशी बोलशील का?"

"बसा ताई." त्यानं दोन्ही हातांनी नमस्कार केला. "ह्या टेबलावर कुनी बसत न्हवतं."

"का?"

"अण्णांनी माझा ग्लास हितंच पालथा घातला व्हता. पयल्या काविळीनंतर. मग तो तसाच ठिवला. रोज टेबल पुसायचे, ग्लास पुसायचे, पर सरळ करायचे न्हाईत. गिऱ्हाईकाला हितं बसू द्यायचे न्हाईत. माझा ग्लास पालथा हाय म्हनायचे. लई वर्सं मी वास पन घेतला न्हाई ओ."

"मग आता?"

"तेराव्याचे पाव्हणे जेवून गेले. ह्यो आला. ग्लास सरळ केला. म्हनला, दादा, अण्णांच्या नावानं एक."

"नको म्हणायचं होतंस, बाबा!"

"म्हनलो की. दोनदा म्हनलो. मंग ह्यो रडाय लागला. धाकटा भाऊ रडाय लागल्यावर काय करनार?"

गल्ल्यामागून अजिनाथ आमच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर तेच हसू. मी आवाज खाली घेतला. "सही देऊन का टाकत नाहीस?"

त्यानं मान जोरात हलवली, आणि त्या हालचालीनंच त्याला भोवळ आली. टेबल घट्ट धरून तो म्हणाला, "न्हाई. अण्णाला शबुद दिलाय."

"कसला शब्द?"

पण अजिनाथ बाटली घेऊन आलाच. "काय दादा, मॅडमला बोअर करतोस होय? घे." आणि बाटली वाकडी झाली.

माझं डोकं फिरलं. मी मच्छिंद्रच्या ग्लासावर तळहात ठेवला. दारू माझ्या बोटांवरून टेबलावर सांडली.

"बास झालं."

"मॅडम," अजिनाथ तितक्याच मऊपणे म्हणाला, "गावाला हे आवडायचं नाही. इथं ग्लास पालथा घालायचा मान लायसनवाल्याचा. दुसऱ्या कुणी ग्लासाला हात लावायचा नाही, अण्णांची शिस्त होती."

"बरोबर आहे. आणि तोच मान तुम्ही आज सरकारकडे मागताय," मी म्हटलं. "अण्णा गेल्यापासून किती ग्लास पालथे घातलेत? एक सांगा. नाव सांगा फक्त, मी त्याला जाऊन विचारून येते."

अजिनाथचं हसू गेलं नाही, पण डोळ्यांतलं काहीतरी निघून गेलं. दुकानात मागे दोनच गिऱ्हाईकं होती. त्यांनी माना खाली घातल्या. एवढं मोठं गाव, पण त्याला एक नाव सापडेना.

मी टेप पिशवीत टाकली. "मुळीक, याला धरा. जीपमध्ये घ्या."

"कुठं नेताय त्याला?" अजिनाथनं विचारलं.

"जबाब घ्यायचाय. प्यालेल्या माणसाचा जबाब चालत नाही, तुमचे वकील सांगतील. शुद्धीवर यायला लागेल तेवढा वेळ लागेल, मला घाई नाही."

मला वाटलं, आडवा येईल. उलट त्यानं स्वतः भावाला खांदा दिला, पायऱ्या उतरवल्या, सीटवर बसवून अंगावर पंचा घातला. मग पळत आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. ते माझ्या मांडीवर ठेवत म्हणाला, "राहू द्या मॅडम. वाटेत लागेल त्याला. नाही मिळाली की हातपाय थरथरतात, माझ्यानं बघवत नाही."

ती बाटली मी दोन मैलांवर एका बाभळीच्या बुडाशी ओतून दिली. मुळीक म्हणाले, "मॅडम, ही झिंगंल आता." मला हसू आलं नाही. मागच्या सीटवर मच्छिंद्र झोपला होता, आणि आम्ही दोघंही मधूनमधून वळून त्याची छाती हलतेय ना ते बघत होतो.

इस्पितळात त्याला दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवसांनी आणला असता तर आणायची गरजच पडली नसती. अजिनाथ रोज भेटायला यायचा. फळं आणायचा, भावाचे पाय चेपायचा, वॉर्डातल्या बाकीच्या पेशंटना बिस्किटं वाटायचा. मी सिस्टरला सांगून ठेवलं होतं की बाई, त्याची पिशवी खालीच तपासा. पहिल्या दिवशी थर्मासमध्ये दारू निघाली. दुसऱ्या दिवशी शहाळ्यात.

"नारळाचं पाणी तोंडाला लावणार, एवढ्यात वास आला," सिस्टर मला सांगत होती. "आणि तो माणूस काय म्हणाला माहितीये? म्हणाला, सिस्टर, तुम्हाला भाऊ नाही वाटतं."

इकडे मी अहवालात लिहिलं होतं, अर्जदार योग्य नाही. आमच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "सोनटक्केबाई, कारण काय देताय? पीत नाही, गुन्हा नाही, अंतर बरोबर, साठा बरोबर. आणि तुम्ही लिहिता, अर्जदार कुणालाही नाही म्हणत नाही. हे कारण कुठल्या कलमात बसवू? कोर्टात हसतील आपल्याला."

"साहेब, तो भावाला मारतोय."

"भावाला दारू पाजणं गुन्हा आहे का? तुम्हीच सांगा, खात्यात इतकी वर्षं झाली तुम्हाला." साहेब माणूस वाईट नव्हता. "मोठ्या भावाचा जबाब आणा. तो नको म्हणाला तर अर्ज आपोआप पडतो. हो म्हणाला तर मात्र मला द्यावंच लागेल."

म्हणजे सगळं त्या काड्यांसारख्या हातांवर येऊन थांबलं.

पावसाळा सरता सरता मच्छिंद्र माझ्या कार्यालयात आला. स्वतःच्या पायांनी जिना चढून आला. पोट उतरलं होतं, डोळे पांढरे झाले होते, दाढी केलेली. मी ओळखलंच नाही आधी. त्याच्यासाठी पाणी मागवलं. स्टीलचा ग्लास त्याच्यापुढे आला.

"जबाब लिहायचाय," मी म्हटलं. "धाकट्याच्या नावावर परवाना करायला तुझी संमती आहे की नाही, एवढंच सांगायचं. तू काय सांगायचं ते मी सांगणार नाही."

"ताई, एक इचारू?"

"विचार."

"मी सही केली, तर तो मला पाजायचं थांबंल ना?"

मी पेन खाली ठेवलं. म्हणजे याला माहीत होतं. त्या दुपारी कोपऱ्यात, तेराव्याच्या दिवशी, इस्पितळात शहाळं तोंडाशी आलं तेव्हा, सगळ्या वेळी माहीत होतं. डोळे मिटून औषध घेतल्यासारखा प्यायचा तो, माहीत असून प्यायचा. मला इतकं रडू आलं की मी खिडकीकडे तोंड केलं.

"माहीत होतं तर पीत का होतास रे?"

"त्यानं ओतली की मला ऱ्हावत न्हाई. त्यो कमजोरपना माझाच. पर सही दिली न्हाई मी. बेशुद्ध असताना पन अंगठा मुठीत धरून झोपायचो."

"आणि अण्णांना कसला शब्द दिला होतास?"

त्यानं पाण्याचा ग्लास जवळ ओढला. "अण्णा जाताना म्हनले, मच्छिंद्रा, तुला पिनं आवरत न्हाई, तू गल्ल्यावर बसू नगं. आन् अजिनाथला पाजनं आवरत न्हाई, त्यालाबी बसू दिऊ नगं. तुझं पिनं तुला एकट्याला खाईल. त्याचं पाजनं गावाला खाईल."

खाली रस्त्यावर एका गाडीचा हॉर्न वाजला. मी डोकावून बघितलं. फाटकाशी अजिनाथ उभा होता, पांढऱ्या शर्टात, काखेत छत्री. त्यानं वर बघून मला नमस्कार केला.

"सही केलीस तर थांबेल तो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? माणूस जगायला धडपडत होता आणि त्याला खरं कळायला हवं होतं. "तुला पाजायचा थांबेल."

"आन् बाकीच्यांस्नी?"

"ते तू मला विचारू नकोस. तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये."

मच्छिंद्रनं ग्लास उचलला. पाणी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग शर्टाच्या टोकानं ग्लासाची कड पुसली आणि तो माझ्या टेबलावर पालथा घालून ठेवला. ग्लास नीट बसला.

"लिवा," तो म्हणाला. "न्हाई म्हनून लिवा."

मी लिहिलं. त्यानं खाली सही केली, शाळकरी पोरासारखी, एकेक अक्षर सुटं.

त्या फाटकातून त्याला जाऊ द्यायचं नव्हतं, एवढं मला कळत होतं. मुळीकांनी मागच्या दारानं त्याला काढलं आणि स्वतः जाऊन लांबच्या एका गावी, आपल्या मानलेल्या बहिणीकडे पोचवलं. दुकानाला पुढे सील लागलं. अजिनाथ त्या दिवशी दिवे लागेपर्यंत फाटकाशी उभा होता. मी बाहेर पडले तेव्हा पुढे आला.

"मॅडम, दादा कुठं गेला?"

"सांगणार नाही."

"असू दे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. "सापडेल मला. भाऊ आहे माझा."

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. मुळीक गेले. मी निवृत्त झाले, विंचवाचा डंख आता सुनेलासुद्धा लागत नाही. मच्छिंद्र आहे. त्या गावात रसवंती चालवतो, उन्हाळ्यात पोरंटोरं त्याच्या गाड्याभोवती कलकलतात, आणि एका पोराला दोनाच्या वर तिसरा ग्लास देत नाही म्हणे. गावाचं नाव मी कुणाला सांगत नाही. माझ्या पोरांनाही नाही.

कारण अजिनाथ दर दिवाळीला माझ्याकडे येतो. केस पिकलेत, शर्ट तसाच पांढरा. दारात उभा राहून माझी तब्येत विचारतो, नातवंडांच्या हातावर खडीसाखर ठेवतो आणि मग म्हणतो, दादा कसा आहे? मी म्हणते, मला ठाऊक नाही. तो मान डोलावून निघून जातो.

गेल्या दिवाळीला मात्र तो थोडा जास्त थांबला. म्हणाला, "आता सही नको मॅडम. लायसनचा नाद कधीच सोडला. देवाशपथ सांगतो, नुसतं भेटायचंय दादाला. म्हातारे झालो दोघं. एकदा समोर बसवून पोटभर बघायचंय."

खरं सांगते, माझं मन द्रवलं. गावाचं नाव ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यानं डाव्या काखेतली वस्तू उजव्या काखेत घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती.

मी दार लावून घेतलं.